हिरवा डबा

रविवारी सकाळी अप्पांनी माळ्यावरचे तीन डबे खाली काढायला सांगितले, आणि घरातल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.

आईला कुंड्यांना पाणी घालायचं होतं. वहिनीला चादरी बदलायच्या होत्या. दादाला कुणाला तरी फोन करायचा होता, आणि तो फोन हातात धरून नुसताच अंगणात येरझाऱ्या घालत होता. शेवटी धाकटीच चढली माळ्यावर. या घरात उंचावरचं काही काढायचं म्हटलं की सगळे तिच्याकडेच बघत. शिड्यांचा कारखाना चालवणारं घर, पण शिडीवर चढायला एकटी तीच.

डबे रंगाचेच होते, जुने, झाकणाला बोटभर खाच पाडलेले. एक लाल, एक पिवळा, एक हिरवा. बावीस वर्षांपूर्वी लाल डब्याकडून हरलेले, आता वेगळे राहणारे काका अजूनही अंगावर लाल काही चढवत नाहीत, एवढं या डब्यांचं वजन. आजोबांनी नियम घालून ठेवला होता: कारखान्याला मालक एकच, आणि तो घरानं निवडायचा. उभे राहणारे तीन हवेत, कारण दोघंच असले की घराचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाला एक खुंटी मिळणार. पायरी दांड्यात पक्की बसवायला जी बोटाएवढी लाकडी खुंटी ठोकतात ना, तीच. एकेकानं रंगाच्या खोलीत जायचं, खुंटी हव्या त्या डब्यात टाकायची आणि तोंड बंद ठेवून बाहेर यायचं. मावळत्या मालकाला, म्हणजे यंदा अप्पांना, मत नाही. त्यानं फक्त मोजायचं.

आणि मालकानं शिडीवर चढायचं. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिडीवर आधी मालक चढतो, वरच्या पायरीवर उभा राहून तीनदा दणदण पाय आपटतो, मगच तिच्यावर घराचा शिक्का बसतो. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून पाय आपटायची धाकटी, आणि शिक्का मारायचे अप्पा. गिऱ्हाइकं अजून म्हणायची, "अप्पांच्या हातची शिडी आहे, काळजी नको." धाकटी ऐकायची आणि गप्प बसायची. तिला किती लागायचं ते, कुणाला कधी बोलली नाही.

लाल डबा दादाचा. हिरवा धाकटीचा. पिवळा भाऊजींचा, कारण तिसरा कुणीतरी हवा होता आणि भाऊजींना नाही म्हणता येत नाही. ताईचे यजमान. कारखान्याचा पत्रव्यवहार बघायचे, अक्षर मोत्यासारखं, आणि बल्ब बदलायला खुर्चीवर उभं राहायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा.

डबे पुसायला धाकटी कारखान्यात घेऊन गेली. ताई तिच्या मागोमाग आत आली आणि दार लोटून घेतलं. ताई शाळेत गणित शिकवते. घरातही तेच करते.

"बस," ताई म्हणाली. "बोटं पुढे कर."

"डबे पुसतेय ना."

"डबे पळून नाही जात. सात मतं आहेत. दादाची पक्की किती?"

"त्याचं स्वतःचं. वहिनीचं."

"आणि आईचं. थोरला मुलगा आहे, आई कुठे जाणार? झाली तीन. आत्याचं काही सांगता येत नाही. तुझी किती?"

धाकटीनं एक बोट धरलं. मग ताईकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ताई म्हणाली. "माझा नवरा उभा आहे. त्यांना माझंही मत पडलं नाही, तर लोक काय म्हणतील? म्हणजे तुझं एक. फार तर आत्याचं धरून दोन. दोन मतांवर तू येतेस का निवडून?"

"नाही."

"मग तुझी दोन गेली वाया. दादा तिनावर आला आणि कारखाना गेला. लाकूड बंद, रंधे बंद, बाहेरून तयार शिड्या आणायच्या आणि त्यांना नुसती चिठ्ठी चिकटवायची. चालेल?"

धाकटीनं मान हलवली. हे तिला मुळीच चालणार नव्हतं. लाकडाला हात लावल्यावर ते कुठे दगा देणार ते तिला कळायचं. ही गोष्ट तिला दुसरीकडे कुठेही उपयोगाची नव्हती.

"म्हणून यांना दे," ताई आवाज खाली आणून म्हणाली. "यांच्याशी कुणाचं वाकडं नाही. हे निवडून येतील, आणि एकदा आले की तू म्हणशील तसंच करतील. तसे ते कुणीही काहीही म्हटलं तरी तसंच करतात. अगं, मनात कोण आहे ते सोड. येणार कोण ते बघ."

"पण ताई, भाऊजी शिडीवर चढणार कसे?"

"ते पुढचं गणित," ताई म्हणाली आणि गेली.

धाकटी तिथेच बसून राहिली. ताईचं चुकत नव्हतं, तेच तर वाईट होतं. आपल्याला हा कारखाना हवा, अगदी मनापासून हवा. पण आपण हट्ट केला म्हणून तो दादाच्या हाती गेला, तर आयुष्यभर स्वतःचं तोंड बघवणार नाही. तिनं तिन्ही डबे लख्ख पुसले. हिरवा जरा जास्तच पुसला.

मतदान साडेदहाला सुरू झालं. आधी धाकटी, मग वयानं चढत चढत आत्यापर्यंत, म्हणजे मोठ्यांचं बघून लहानांनी टाकायला नको. रंगाच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. धाकटीनं हिरव्या डब्याकडे बघितलं नाही. पटकन पिवळ्यात खुंटी टाकली आणि बाहेर आली. आपण शहाण्यासारखं वागलो असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

मग एकेक जण आत गेला. भाऊजी आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर ताई घड्याळ बघत बसली. आत्या सगळ्यांत शेवटी, हाताला पॉलिश तसंच, खुंटी कानावर पेन्सिलीसारखी खोचून गेली आणि दोन मिनिटांत परतली.

अप्पांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. आधी लाल डबा उलटा केला. एक खुंटी पडली.

दादा वाकून बघू लागला. "अडकल्या असतील. जरा ठोका ना अप्पा."

अप्पांनी ठोकलं. काही नाही.

"एकच?" दादा म्हणाला. "एक तर मीच टाकली." आणि मग त्याची मान सावकाश वहिनीकडे वळली. वहिनीला चादरी पुन्हा आठवल्या.

अप्पांनी हिरवा डबा उचलला. उलटा केला. हलवला. झाकण काढून आत बघितलं, मग डबा खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा बघितलं.

"शून्य," अप्पा म्हणाले.

धाकटीचे कान तापले. एक मत आपण स्वतःच दिलं नाही हे तिला माहीत होतं, पण शून्य? आत्याचंही नाही? लहानपणापासून जिच्या मांडीवर बसून पॉलिशचे बोळे केले, त्या आत्याचंसुद्धा नाही? तिला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती खिडकीबाहेरच्या तारेवरचे कपडे मोजू लागली.

पिवळ्या डब्यातून सहा खुंट्या पडल्या.

"मी?" भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही नाही, अप्पा, परत मोजा. काहीतरी घोटाळा आहे."

"घोटाळा कसला, जावईबापू! अभिनंदन. चला, नवी शिडी टेकवून ठेवलीय. मालकाचा पाय आजच लागायला हवा."

"आजच?"

"आत्ताच."

सगळे कारखान्यात आले. बारा पायऱ्यांची शिडी भिंतीला लावलेली होती. भाऊजींनी चप्पल काढली, चष्मा काढून ताईकडे दिला, म्हणजे खालचं दिसायला नको. पहिली पायरी चढले. दुसरी चढले. तिसरीवर पाय ठेवला आणि शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारून जे थांबले ते थांबलेच.

"अहो, वर चला की," ताई म्हणाली.

"चाललोय."

"कुठे चाललाय? हालत नाही आहात तुम्ही."

"मग खाली आलो का मी?" भाऊजींनी डोळे घट्ट मिटले होते.

आत्याला हसू आवरेना. वहिनीनं तोंडावर पदर धरला. दादासुद्धा, एवढा फुगून बसलेला, फस्सकन हसला. शेवटी धाकटीच पुढे झाली. शिडीच्या मागच्या बाजूनं शिरून तिनं भाऊजींचा पाय घोट्याशी धरला आणि खालच्या पायरीवर ठेवला.

"भाऊजी, हा एक. आता दुसरा सोडा."

"तू आहेस ना?"

"आहे. सोडा."

"धाकटे, एक सांगू?" डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे बहुधा त्यांना धीर आला. "मला वाटलं होतं तुला चार तरी पडतील. मग म्हटलं, मला एकही पडणार नाही, फार लाज जाईल. म्हणून माझं मी मलाच टाकलं. नाहीतर हिरव्यातच टाकणार होतो. खोलीत इतका वेळ तेच चाललं होतं."

धाकटीचा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला.

"चार?" आत्या म्हणाली. "मला तर वाटलं तिला दोनच पडणार! ताई मला चहाच्या वेळी गणित घालून गेली. दादाकडे तीन, धाकटीकडे फार तर दोन. म्हटलं, आपलं मत फुकट कशाला घालवा. मनातून मला तीच हवी होती, दुसरं कोण? गेली दोन वर्षं कारखाना चालवतंय कोण?"

"मलाही चहाच्या वेळीच," वहिनी हळूच म्हणाली.

"तुला?" दादा ओरडला. "अगं, तू माझी बायको!"

"म्हणूनच ना! तुम्ही मालक झालात की चोवीस तास कारखाना डोक्यात घेऊन हिंडणार. आत्ताच जेवताना फोन. मला धाकटी हवी होती. पण ताई म्हणाल्या ती काही येत नाही, मग निदान भाऊजी."

सगळे ताईकडे वळले. ताईनं भाऊजींचा चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला होता, गडबडीत.

"गणित बरोबर होतं माझं," ती म्हणाली.

"आणि तुला स्वतःला कोण हवं होतं?" अप्पांनी विचारलं.

ताईनं चष्मा काढला. "हे काय विचारणं झालं? धाकटीच. पण मी एकटीच असेन असं वाटलं मला."

"मला कुणीतरी खाली घ्या," भाऊजी म्हणाले.

त्यांना खाली घेऊन एका पेटीवर बसवलं, पाणी दिलं. अप्पा गुडघे धरत समोरच्या बाकावर टेकले. हसत होते, पण हसता हसता मान हलवत होते.

"म्हणजे सात माणसं आत गेली, आणि कुणी म्हणजे कुणी आपल्या मनातलं डब्यात टाकलं नाही. ताई घरभर फिरली, कोण कुणाला देणार ते सांगत. तुला कोण हवंय, एवढं एकानं तरी दुसऱ्याला विचारायचं होतं!"

"मी टाकलं माझ्या मनातलं," दादा म्हणाला. तो रंध्याच्या टेबलाला टेकून उभा होता. "मला मीच हवा होतो. एवढा वाईट आहे का मी?"

"वाईट नाहीस रे," आई म्हणाली. "घाई आहे तुला सगळ्याची."

"असू दे. लाकडाचे दिवस सरले, हे माझं मत आहे, आणि ते मी आजही सांगणार. पण हरवायचं तर मला खरंखुरं हरवा. भाऊजींच्या हातून कसलं हरवता? त्यांना तर यायचंही नव्हतं!"

"अगदी बरोबर," भाऊजी पेटीवरून म्हणाले.

धाकटीला दादाबद्दल त्या क्षणी फार प्रेम वाटलं. सगळ्यांत सरळ तोच वागला होता. आणि ती हे म्हणणार, तेवढ्यात अप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"आणि तू गं? तुझी खुंटी कुठे गेली?"

खोटं बोलून चालणार नव्हतं, डबा सगळ्यांनी बघितला होता.

"पिवळ्यात."

"अगं बाई," आत्या म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"मला वाटलं मत वाया जाईल," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, मी हट्ट केला तर दादा येईल आणि सगळं..." मघाचं रडू आता आलं, आणि येऊ दिलं तिनं. "मला वाटलं मी कुणाला नकोच आहे."

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं तू शिड्यांवर चढतेस," ते म्हणाले. "एक तरी शिडी 'चालेल बहुतेक' म्हणून बाहेर सोडलीस का? आणि स्वतःच्या बाबतीत बहुतेकवर गेलीस. ते गणित राहू दे. तुला मालक व्हायचंय की नाही, एवढंच मला सांग."

"व्हायचंय."

हे तिनं कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं.

"मग इथे रडून काय उपयोग? डब्यात सांग जा. चला, परत करायचं. तिन्ही डबे राहतील. पण पिवळ्यात जो खुंटी टाकेल, त्यानं जावईबापूंना पाठीवर घेऊन वर चढायचं."

"आणि ताई," आई म्हणाली, "तू तोंड उघडायचं नाहीस."

खुंट्या पुन्हा वाटल्या. पुन्हा पहिली धाकटीच. रंगाच्या खोलीचं दार लावल्याबरोबर तिचं डोकं आपोआप सुरू झालं. आत्या नक्की. ताई बहुतेक. भाऊजी नक्की. वहिनी म्हणतेय खरी, पण दादाचा पडलेला चेहरा बघून... आई? आईचं काय? मघाशी सगळे बोलले, पण कोण हवं ते आई काही बोलली नाही. चार-तीन. की तीन-चार? आणि हरलेच, सगळ्यांनी हवी म्हणून सांगूनही हरले, तर आता सबबसुद्धा उरली नाही.

तिला चक्क भीती वाटली. बारा पायऱ्यांवर नाचताना तिला कधी वाटली नव्हती. तिनं खुंटी हिरव्या डब्यात टाकली. रिकामा डबा असा काही ठणठणला की बाहेर आत्या हसल्याचं तिला ऐकू आलं.

अप्पांनी यावेळी पिवळा डबा आधी उलटा केला. रिकामा. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या.

लाल डब्यातून तीन खुंट्या पडल्या.

"तीन!" दादा उडालाच. "तीन! बघितलंस ना?" तो वहिनीला म्हणाला, आणि वहिनी छताकडे बघत म्हणाली, "मला काय विचारता? गुप्त असतं ते." पण ती लाजली होती, आणि दादाच्या तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. नवऱ्याला दुसऱ्यांदाही एकच मत पडू देणं तिच्या जिवावर आलं असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

हिरव्या डब्यातून चार पडल्या.

आत्यानं धाकटीला मिठी मारली आणि तिच्या सदऱ्यावर पॉलिशचे दोन पंजे उमटवले. ताई म्हणाली, "मी सांगितलंच होतं," आणि सगळे एकदम तिच्यावर तुटून पडले. दादानं जवळ येऊन धाकटीच्या डोक्यात टपली मारली. "लाकूड कर हवं तेवढं. पण वर्षानं मी पुन्हा बोलणार."

"दर महिन्याला बोल," धाकटी म्हणाली. "मी ऐकेन. करेनच असं नाही."

या गडबडीत आई तिच्याजवळ आली. तिनं धाकटीचा हात धरला, आणि तिचे डोळे भरले होते.

"तिसरं माझं," ती म्हणाली. "दादाला मी दिलं. मघाशी ताई म्हणाली जावईच येणार, म्हणून पिवळ्यात टाकलं, तेही त्याचसाठी. तू नको, एवढंच माझ्या मनात होतं. तू वर असतेस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात नुसती उभी असते. तुझे पाय तीनदा आपटल्याचे आवाज मोजते, आणि मगच गॅस पेटवते. मालक झालीस म्हणजे आता हे जन्मभर. माझ्यावर रागावू नकोस."

"आई गं," धाकटी म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि नाही वाटलं. दोन वर्षं कुणीतरी आपले पाय मोजत होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं आईला जवळ घेतलं.

सगळे चहाला आत गेल्यावर ती आणि अप्पा तेवढे टेबलाशी उरले. अप्पा वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"अप्पा, माझं मत मी परत पिवळ्यात टाकलं असतं तर? तीन-तीन झाले असते."

"झाले असते."

"मग मालक कोण?"

"बरोबरी झाली की जुनाच राहतो. मी." अप्पांनी घडी नीट दाबली. "पाय तू आपटले असतेस, आणि शिक्का मी मारला असता. चाललंय तसंच."

धाकटीनं हिरव्या डब्यातल्या चार खुंट्या तळहातावर घेतल्या आणि त्यातली आपली कोणती ते ओळखायचा प्रयत्न करू लागली. चारही अगदी सारख्या होत्या. मग तिनं त्या चारही मुठीत घट्ट धरल्या, आणि अप्पांनी टेबलावरचा शिक्का उचलून तिच्यापुढे सरकवला.